सव्वाचा नंबर

"बाबा, माझे जुने नंबर काढून द्याल का? पहिल्यापासूनचे सगळे," टिचकी म्हणाली, आणि त्याच्या हातातली चष्म्याची दांडी वाकायची त्यापेक्षा जरा जास्तच वाकली. दुपारची वेळ होती. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. त्याने दांडी पुन्हा गरम हवेवर धरली, अंगठ्याने हळूहळू सरळ करत आणली आणि मग विचारलं, "कशाला गं?" ती काउंटरच्या पलीकडे उभी राहून फ्रेमांच्या उभ्या आरशात बघत होती. "डॉक्टरांनी मागितलेत. नंबर इतक्या वर्षांत हललाय का, ते बघतात म्हणे." कुठले डॉक्टर, हे विचारायची गरजच नव्हती. नंबर हललाय का हे लेझरवालेच विचारतात. तेहतीस वर्षं लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं सरकवत बसलेल्या माणसाला एवढं कळतं. त्याने स्वतःच कितीतरी गिऱ्हाइकांना तिकडे पाठवलं होतं. आठ-आठ, नऊ-नऊ नंबरवाल्यांना, सकाळी उठल्यावर चष्मा शोधायलाही चष्मा लागणाऱ्यांना. त्यांच्यातला एक जण नंतर मुद्दाम दुकानात येऊन गेला होता, काही घ्यायचं नसताना, नुसती तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ वाचून दाखवायला. त्या दिवशी त्यालाही बरं वाटलं होतं. पण टिचकीचा नंबर सव्वा. सव्वासाठी कोणी डोळ्यावर लेझर मारून घेतं? "देतो की," तो म्हणाला. "उद्या ने." ती "बरं" म्हणाली आणि निघाली. दारातून बाहेर पडताना तिने चष्मा काढून खिशात टाकला. ते त्याने पाहिलं.

ती महिनाभर आधीच जन्मली होती, आणि इतकी एवढीशी होती, की हिला टिचकी मारली तर उडून जाईल असं तोच म्हणाला होता. तेव्हापासून टिचकी. आता ती एकतीस वर्षांची होती, खांदे त्याच्यापेक्षा रुंद, शहराच्या दुसऱ्या टोकाला एका तरणतलावावर मोठ्या माणसांना पोहायला शिकवायची आणि तिकडेच दोन खोल्यांत राहायची. तिचा नंबर साधा नव्हता, सिलिंडरचा होता. हे पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा तिची आई म्हणाली होती, "भरलेला की रिकामा?" गिऱ्हाइकांना समजावताना तो रबरी चेंडू दोन बोटांत दाबून दाखवायचा. डोळ्याचा पुढचा भाग असा हवा, गोल. यांचा असा आहे, जरासा दबलेला. म्हणून रेघेला सावली पडते, अक्षराला जुळं अक्षर चिकटतं. फार काही नाही. तो नेहमी म्हणायचा, फार काही नाही. पण स्वतःच्या मुलीच्या वेळी हे 'फार काही नाही' त्याला दोन वर्षं दिसलं नव्हतं. ती मान तिरकी करून वाचायची. आई म्हणाली, अहो, हिचे डोळे बघा की एकदा. तो म्हणाला, माझ्या मुलीच्या डोळ्यांना काय धाड भरलीय, विचार करताना मान वाकडी होते, माझीही होते. मग ती सात वर्षांची असताना शाळा सुटल्यावर दुकानात आली, तपासणीच्या खुर्चीवर चढून बसली आणि पाय हलवत समोरच्या तक्त्याकडे बघत राहिली. पंख्यासारख्या पसरलेल्या रेघांचा तक्ता होता तो. सगळ्या रेघा सारख्याच जाड, सारख्याच काळ्या. ती म्हणाली, "बाबा, इकडच्या रेघा काळ्या आणि तिकडच्या पुसट का काढल्यात?" त्याच्या समोर एक बाई फ्रेम निवडत बसली होती. त्या बाईला त्याने काय उत्तर दिलं ते त्याला आजही आठवत नाही. मनात काय आलं ते मात्र आठवतं. गावाचे डोळे तपासतो आणि घरात आंधळा. त्या संध्याकाळपासून तिची प्रत्येक काच त्याने स्वतः घासली, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. काच फ्रेममध्ये एक अंश जरी फिरून बसली तरी सावली परत येते, म्हणून तो तीनतीनदा मोजायचा. ती चष्मा घालून बघायची, तो श्वास रोखून विचारायचा, "आता बरं, की आधीचं बरं?" ती म्हणायची, "आता." वर्षातून एकदा असं ते 'आता' त्याच्या वाट्याला यायचं.

कार्डं त्याने लोखंडी कपाटात ठेवली होती, सगळ्यांची खणात उभी, तिची वेगळ्या डब्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून, शटर अर्ध्यावरच ठेवून, तो एका कोऱ्या कागदावर नंबर उतरवायला बसला. सातव्या वर्षी पाऊण. आठव्या वर्षी पाऊण. अकराव्या वर्षी एक. त्याचं अक्षर पहिल्यापासून सुरेख होतं; आकडे तर छापल्यासारखे. सोळाव्या वर्षी सव्वा. मग सव्वा, सव्वा, सव्वा. पंधरा वर्षं सव्वाच. जणू तिने ठरवलंच होतं की यापुढे काही मागायचं नाही. त्याला एकदम वाटलं, हा कागद गेला की संपलं. मग ती दुकानात कशाला येईल? बापाला भेटायला घरी येईल, रविवारी. जेवेल, आईशी गप्पा मारेल. पण त्या खुर्चीत बसून हनुवटी वर करून ती पुन्हा त्याच्याकडे बघणार नाही. आणि त्याहून वाईट विचार त्याच्या मागोमाग आला: काही चुकलं तर? हजारात एखादं चुकतं, आणि ती हजारातली एक का नसावी? चांगला चाललेला डोळा. नुसता सव्वा. शेवटच्या ओळीवर, गेल्या वर्षीच्या तारखेसमोर, त्याने ०.७५ लिहिलं. पाऊण. लिहून झाल्यावर तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला. गेल्या वर्षी पाऊण आणि आज मोजला तर सव्वा, म्हणजे नंबर अजून खाली-वर हलतोय. हलत्या नंबरावर कोणताही शहाणा डॉक्टर लेझर चालवत नाही. ती आली, कागद उलगडून तिने वरून खालपर्यंत पाहिला, शेवटच्या ओळीवर क्षणभर थांबली असं त्याला वाटलं, मग घडी घालून पर्समध्ये ठेवला. "काय सुंदर अक्षर आहे हो तुमचं," ती म्हणाली.

पुढचे आठ-दहा दिवस त्याला काहीच धड जमेना. एका शिक्षकाची काच त्याने उलटी बसवली. एका आजोबांना "हे बरं की ते?" असं विचारता विचारता तोच विसरला, 'हे' कुठलं आणि 'ते' कुठलं. आजोबा म्हणाले, "तुम्हीच ठरवा आता, मला दोन्ही चालतील." घरी बायकोने भाजी वाढली तर तो म्हणाला, ठीक आहे. "ठीक आहे काय? मीठ नाही तिच्यात, मी मुद्दाम घातलं नाही. कुठे असतं तुमचं लक्ष?" ती पोस्टात तिकिटं विकून निवृत्त झाली होती, समोरच्या माणसाने एक नाणं कमी दिलं तरी तिला न मोजता कळायचं. त्याने पटकन मीठ घेतलं. सांगावं असं त्याला वाटलं, पण काय सांगणार? की मी आपल्या पोरीच्या कागदावर खोटं लिहिलं? तिच्या भल्यासाठी? हे भल्यासाठी म्हणणं त्याला स्वतःलाच तपासून बघता येईना. एक भिंग लावलं की वाटायचं, बापाची काळजी. दुसरं लावलं की दिसायचं, एक म्हातारा माणूस आपलं एकुलतं एक गिऱ्हाईक हातचं जाऊ देत नाहीये.

टिचकी आली ती अशीच दुपारी. थेट तपासणीच्या खुर्चीत बसली, चष्मा मांडीवर. "सहा महिने थांबा म्हणाल्या डॉक्टर. गेल्या वर्षी पाऊण, यंदा सव्वा. स्थिर नाही म्हणे."

"मग थांबायचं," तो म्हणाला. "घाई काय आहे?"

"घाई आहे, बाबा." पुढचं ती समोरच्या भिंतीकडे बघत बोलली. तलावावर ती चष्मा लावत नव्हती. वाफ धरायची, पाणी उडायचं, डोकं बुडवताना गळून पडायचा. डोळ्यांतल्या लेन्स तर पाण्यात घालायच्याच नाहीत, डोळा गमावून बसशील, असं त्यानेच तिला बजावलं होतं. सव्वा तर आहे, चालतंय, असं म्हणत चष्मा काठावरच्या खुर्चीत राहायचा. तिच्या वर्गात साठीची एक बाई होती, नवीन. सगळे तिला आजी म्हणायचे. दीड महिन्यापूर्वी सकाळी ऊन पाण्यावर आडवं पडलं होतं, चकचक चकचक. लांबच्या टोकाला आजीने हात वर केला. "मला वाटलं, ती मला हात करतेय. जमलं, जमलं, असं. म्हणून मीही केला. ती बुडत होती, बाबा, आणि मी तिला हात हलवून दाखवत होते. हसून." पलीकडच्या पट्ट्यातल्या दुसऱ्या शिक्षकाने उडी मारली. आजीच्या नाकातोंडात पाणी गेलं होतं, बाकी काही झालं नाही. "ती काय म्हणाली माहितेय? म्हणाली, मला वाटलं तू गंमत करतेस. दुसऱ्या दिवशी परत आली. रोज येते. मीच तिच्याकडे बघू शकत नाही."

रस्त्यावरून कोणीतरी हातगाडी ढकलत गेलं. तिच्या मांडीवरच्या चष्म्याच्या काचेत दुकानाचा दिवा दोन ठिकाणी दिसत होता. तो उठला, लोखंडी कपाट उघडलं, डबा काढला, गेल्या वर्षीचं कार्ड काढलं आणि तिच्यासमोर धरलं. "सव्वाच होता," तो म्हणाला.

"काय?"

"गेल्या वर्षी. त्याच्या आधीही. पंधरा वर्षं सव्वाच आहे. मी पाऊण लिहिलं."

"चुकून?"

दार उघडं होतं. 'हो' म्हणून बाहेर पडता आलं असतं, आणि तिने कदाचित जाऊही दिलं असतं. "नाही," तो म्हणाला. "चुकून नाही."

तिने कार्ड घेतलं. तिचा चेहरा लाल झाला, कानापर्यंत. ती उठून निघून गेली. खुर्ची जराशी फिरत राहिली. त्याने ती हाताने थांबवली.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून, बाकीची सगळी कार्डं घेऊन तो डोळ्यांच्या दवाखान्यात गेला आणि आपला नंबर लागेपर्यंत इतर पेशंटांसारखा बाकावर बसून राहिला. डॉक्टरीणबाई त्याच्या मुलीच्याच वयाच्या निघाल्या. त्याने सगळं सांगितलं. 'चूक' हा शब्द वापरला नाही, 'खोटं' म्हणाला. त्यांनी कार्डं एकेक करून पाहिली. "वडील आहात ना?" त्या म्हणाल्या. "वडीलही आणि चष्मेवालाही," तो म्हणाला. "मग अवघडच आहे तुमचं," त्या म्हणाल्या, आणि संगणकावर टिचकीच्या डोळ्याचा नकाशा उघडून पडदा त्याच्याकडे वळवला. हिरव्या-पिवळ्या रंगात, डमरूसारखा आकार, तिरका. चोवीस वर्षं तो ज्या तिरकेपणाला काचेतून उत्तर देत आला होता, तो असा समोर कधी दिसला नव्हता. किती नीटस होता तो. बाहुलीवरचा पडदा भरपूर जाड आहे, त्या सांगत होत्या, पापुद्रा उचलायची पद्धत आपण करणार नाही, पाण्यात कोणाचा हात-पाय लागून तो सरकायला नको. वरच्या थरावरच करू, तीन-चार दिवस दुखेल, नजर बसायला काही आठवडे लागतील, पण तिच्या कामाला हेच बरं. त्याने दोन प्रश्न विचारले. दोन्ही बरोबर प्रश्न होते, हे त्यांच्या मान हलवण्यावरून त्याला कळलं. संध्याकाळी टिचकीचा फोन आला, त्याला नाही, आईला. पुढच्या आठवड्यात तारीख मिळालीय. डॉक्टरांनी पुन्हा मोजलं म्हणे. तीन दिवस तिकडे राहायला येऊ का? "विचारतेस काय, शहाणे," आई म्हणाली. "आणि त्या डॉक्टरांना आधी नीट मोजता येत नव्हतं का?" पलीकडून काय उत्तर आलं ते त्याला ऐकू आलं नाही. पण बायको फोन ठेवून म्हणाली, "काहीतरी कागदाचा घोळ झाला होता म्हणे," आणि कामाला लागली. त्याने तोंड धुवायला म्हणून जाऊन नळ बराच वेळ सोडून ठेवला.

लेझर एका डोळ्यावर चालतं ते काही सेकंदच. बाहेर बसलेल्याला ते कळत नाही. आत जाताना टिचकीने चष्मा काढून त्याच्याकडे दिला होता, न बोलता, आणि तो त्याने शर्टाच्या खिशात न ठेवता मुठीत धरला होता, आपल्याच काचांवर आपल्याच बोटांचे ठसे उमटवत. ती बाहेर आली तेव्हा तिने काळा गॉगल लावला होता आणि हात पुढे केला होता. त्याने तो धरला. "केस जळाल्यासारखा वास येतो," ती म्हणाली. दुकानातून निघून गेल्यापासूनचं तिचं त्याच्याशी ते पहिलं वाक्य. मग जिन्यावरून उतरताना, "किती पायऱ्या आहेत ते सांगा," ती म्हणाली, आणि त्याने मोठ्याने मोजल्या.

मागच्या खोलीला त्यांनी जाड चादरी लावल्या. पहिल्या दिवशी तिला डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं, दुसऱ्या दिवशी वाळूच्या जागी काच. मिटलेल्या पापण्यांतून पाणी वाहत होतं आणि ती दात आवळून पडली होती. दर चार तासांनी तो थेंब घालायचा. "वर बघ. अजून वर. झालं." त्याचा हात या कामात कधीच चुकला नव्हता, आताही चुकला नाही, पण प्रत्येक थेंबाला त्याच्या स्वतःच्या डोळ्याला पाणी यायचं. आई दारातून डोकावून म्हणायची, "घर आहे की भुयार? मला बशी कुठे ठेवायची तेही दिसत नाही." मग चाचपडत येऊन भाताचे घास करून लेकीला भरवायची आणि जाताना हटकून त्याच्या पायावर पाय द्यायची. तिसऱ्या दिवशी दुपारी दुखणं ओसरलं. आई शेजारी गेली होती. टिचकी उशीला टेकून बसली होती, डोळे मिटून, आणि तो स्टुलावर.

"मला माहीत होतं, बाबा," ती म्हणाली.

"काय गं?"

"पाऊण खोटा आहे ते. गेल्या वर्षी चष्म्याच्या डबीत तुम्हीच चिठ्ठी घालून दिली होती. सव्वा. कागद बघितला आणि लगेच कळलं."

"मग डॉक्टरांना बोलली का नाहीस?"

"कारण बरं वाटलं मला. वाटलं, बाबांनी सोडवलं. डोळा उघडा ठेवून पडायचं आणि वर ते यंत्र... मी इतकी घाबरले होते. लोकांना सांगते, पाण्याला घाबरू नका, नाक धरून बुडी मारा. म्हणून गप्प बसले. तुमच्या खोट्याच्या आड लपले. मग रोज ती आजी समोर." तिने हात चाचपडत पुढे केला, तो त्याच्या गुडघ्याला लागला. "त्या दिवशी दुकानात मी भांडायला आले नव्हते. कबूल करायला आले होते. तुम्ही आधी केलंत. मग मला तोंडच राहिलं नाही, म्हणून पळाले."

तो हसला. हसण्यासारखं काही होतं असं नाही, पण तीन आठवडे छातीत जे बसलं होतं ते असंच बाहेर पडलं, आणि तिलाही हसू आलं. हसता हसता ती कण्हली. "हसवू नका, दुखतंय."

"थेंबाची वेळ झाली," तो म्हणाला. "वर बघ."

नजर बसायला दीड महिना लागला. सुरुवातीला सगळं धुरकट होतं, आणि ती फोनवर आईला घाबऱ्या आवाजात सांगायची, आणि त्याला, चष्मेवाल्याला, तेच ते सांगावं लागायचं: थोडं थांब, फार काही नाही. हे वाक्य त्याने जन्मभर इतकं वापरलं होतं, आणि आता प्रत्येक वेळी ते बोलताना त्याला घाम फुटत होता. मग एक दिवस तिने घाबऱ्या आवाजात फोन करणं बंद केलं. आणखी काही दिवसांनी म्हणाली, "बाबा, सोमवारी पाण्यात उतरायची परवानगी मिळालीय. येता का बघायला?" इतक्या वर्षांत त्याने तिला शिकवताना कधीच पाहिलं नव्हतं. दुकानाची वेळ आणि तलावाची वेळ एकच होती. सोमवारी त्याने शटर उघडलं नाही. दोन बस बदलून, सकाळच्या गर्दीत उभा राहून तो तिथे पोहोचला, आणि ओल्या फरशीवरून जपून चालत जवळच्या टोकाच्या बाकावर बसला. क्लोरीनचा वास, किंचाळणं, पाण्याचे फटके. ती लांबच्या टोकाला कमरेइतक्या पाण्यात उभी होती, तोंडात शिट्टी, आणि दहा-बारा मोठी माणसं तिच्यासमोर कठडा धरून पाय मारत होती. शेजारी टॉवेल गुंडाळलेली एक बाई येऊन बसली. पांढरे केस डोक्याला चिकटलेले. "तुम्ही हिचे वडील ना? नाक तेच आहे," ती म्हणाली. "फार कडक आहे हो पोरगी. मी म्हटलं आज पाय दुखतोय, तर म्हणते, दुसरा आहे ना." त्याने बाईकडे नीट पाहिलं. ही तीच आजी असणार. "तुम्हाला त्रास झाला," तो म्हणाला. "मला सांगितलं तिने." बाईने टॉवेलने कान पुसला. "अहो, साठ वर्षं पाण्याला भिऊन काढली. एकदा बुडून बघितलं, भीती गेली. आता ही मला नजरेआड होऊ देत नाही, तेवढाच काय तो त्रास."

शिट्टी वाजली. सगळं पाणी शांत झालं. "बाबा!" लांबच्या टोकावरून टिचकी ओरडली, आणि कठडा धरलेल्या दहा-बारा माथ्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. "शर्टाची बटणं वरखाली लावलीत!"

त्याने खाली पाहिलं. दुसरं बटण तिसऱ्या काजात होतं, आणि तिथून खालची सगळीच चुकलेली. घरून निघून दोन बस, इतकी माणसं, आणि कोणी बोललं नव्हतं. "हो की," शेजारची आजी म्हणाली, "मी इतकी जवळ बसून मला दिसलं नाही." पाण्यातले लोक हसत होते. त्याने पहिल्या बटणाला हात घातला, पण बोटं ओली होती आणि काज सापडेना. "सावकाश, बाबा, घाई नाही," पलीकडून आवाज आला. त्याने सगळी बटणं काढली आणि वरपासून पुन्हा एकेक लावायला घेतली. ती तिकडून बघत होती, म्हणून जरा जास्तच सावकाश.